पाक चॉय मुळासकट उपटला, आता काय?

प्रश्न: मी ३४ वर्षांची, आयटीत नोकरी करते. पुण्यात कर्वेनगरला चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे आणि त्याला जोडून छोटी गच्ची. सासूबाई तिथे पूर्वीपासून कुंड्यांत मेथी, कोथिंबीर, पुदिना, गवती चहा लावतात. त्यांचं माहेर फलटणकडचं, शेतीतलं. मागच्या ऑक्टोबरात मी ऑनलाइन बी मागवून पाक चॉय, मिझुना आणि तातसोई ह्या चिनी-जपानी पालेभाज्या लावल्या. रोपं फार सुंदर आली. दुकानात मिळतो तेवढा पाक चॉय होईपर्यंत हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. मध्येच मला ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर बंगळुरूला जावं लागलं. परत आले तर कुंड्या रिकाम्या. सासूबाईंनी एकूण एक रोप मुळासकट उपटून डाळ घालून पातळ भाजी केली होती. म्हणाल्या, "जून व्हायला लागली होती, वाया गेली असती." घरात सगळ्यांनी परत परत वाढून घेतली म्हणे. मी काही बोलले नाही, पण ते मनातून गेलं नाही. फेब्रुवारीत पुन्हा पेरलं, तर मार्चमध्ये रोपं नीट भरायच्या आतच उंच दांडे येऊन पिवळी फुलं लागली. तेही फुकट. सासूबाई म्हणाल्या, "परदेशी भाजी आपल्याकडे कशी येणार?" आता वाटतं, एकतर हा नाद सोडावा, नाहीतर पंचवीसेक हजारांचा हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर रोपं वाढवायचा, सेट घेऊन माझ्या खोलीच्या बाल्कनीत ठेवावा, म्हणजे त्याला कुणी हात लावणार नाही. नवरा म्हणतो, भाजीवरून घरात ताण नको. काय करू?

उत्तर: तुम्हाला वाईट वाटलं ते रास्तच आहे. आपण पेरलेलं, रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी डोळे भरून पाहिलेलं रोप कुणी न विचारता उपटलं तर कुणालाही लागेल. "भाजीच तर होती" असं म्हणून ते उडवून लावू नका आणि नवऱ्यालाही उडवून लावू देऊ नका. पण तुमच्या पत्रात काही गोष्टी तुम्ही अगदी धरूनच चालला आहात. ऑक्टोबरची भाजी नासली, मार्चची फुकट गेली, आणि ह्या भाज्या परक्या आहेत. ह्या तिन्ही गोष्टींकडे आपण पुन्हा एकदा नीट पाहू. बाल्कनीला कुलूप घालायचं की नाही ते त्यानंतर.

ऑक्टोबरपासून सुरुवात करू. तुम्ही दुकानातल्या आकाराची वाट पाहत होतात. दुकानात येणारा तो जाड, पांढऱ्या देठांचा गड्डा शेतात किंवा पॉलिहाउसमध्ये तयार होतो. तिथे दोन रोपांत २० ते २५ सेंमी अंतर असतं, ठिबकमधून खत-पाणी मिळत असतं आणि पेरणीपासून ४५ ते ६० दिवस दिलेले असतात. घरच्या आठ इंची कुंडीत तीन-चार रोपं असतील तर तो आकार कधीच येत नाही. मुळांना जागा संपते, झाडाला ताण येतो, बाहेरची पानं जाड आणि तुरट व्हायला लागतात. सासूबाईंनी पानाला हात लावून "जून व्हायला लागली" म्हटलं, ते निदान बरोबर होतं. बी कुठलं, नाव काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, तरी पालेभाजी कुठल्या दिवशी खावी हे त्यांना पानावरून कळलं. ही नजर पुस्तकातून येत नाही, आणि ती तुमच्या गच्चीत फुकट उपलब्ध आहे.

चुकलं ते एवढंच, की रोपं मुळासकट निघाली. त्यालाही कारण आहे. मेथी आणि कोथिंबीर आपल्याकडे उपटूनच काढतात. मंडईत जुडी मुळांसकट येते, कारण शेतकऱ्याला तो वाफा पुढच्या पिकासाठी मोकळा हवा असतो आणि मुळं असली की जुडी जरा जास्त वेळ ताजी राहते. सासूबाईंनी तुमच्या पाक चॉयला मेथीचा नियम लावला. पण त्यांना दुसरी रीतही नक्की येत असणार. हरभऱ्याचा पाला कुणी उपटत नाही, शेंडे खुडतात, आणि खुडल्यावर झाड आणखी फुटतं. चाकवत, माठ, करडईची कोवळी पानं, सगळ्यांचं तेच. तुमच्या मिझुनाला नेमकी हीच वागणूक हवी होती. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि तुम्ही बंगळुरूला जाताना कुंड्यांचं काय करायचं हेही बोलणं झालं नव्हतं.

आता मार्चची फुलं. पाक चॉय, मिझुना, तातसोई ही थंडीची पिकं. पुण्यात ऑक्टोबरच्या उकाड्यानंतर दिवाळीच्या सुमारास हवा पालटते, तिथून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत त्यांचा काळ. फेब्रुवारीत पेरलेल्या रोपाने बाळपणी गार रात्री पाहिल्या, मग दिवस मोठा होत गेला, दुपारी पारा ३५च्या पुढे जायला लागला, कुंडीतली माती तापून सुकली. ह्या सगळ्याचा झाडाने लावलेला अर्थ एकच: दिवस कमी उरलेत, बी धरून घ्या. म्हणून दांडा आला. तुमचा हात वाईट नव्हता, पेरणीची तारीख चुकली.

आणि तो दांडा फेकायचा नव्हता! चीनमध्ये ह्याच कुळातल्या चॉय सम नावाच्या भाजीचा फुलावर येणारा कोवळा दांडाच खातात, त्यासाठीच ती लावतात. कळ्या मिटलेल्या असताना, फार तर एखाद-दुसरं फूल उमललेलं असताना, दांडा बोटांनी मोडून पाहायचा. कट्‌कन मोडला तर कोवळा आहे. तेलात लसूण, लाल मिरची, वर हे दांडे, तीन-चार मिनिटं मोठ्या आचेवर परतायचे, शेवटी मीठ. मार्चमध्ये तुमच्या हाती एक वेळची उत्तम भाजी होती. फुलं पूर्ण उमलली की मात्र दांडा दोरासारखा चिवट होतो, मग तो मधमाश्यांसाठी सोडून द्यावा.

परकेपणाबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण सासूबाईंशी बोलताना ते तुमच्या उपयोगी पडेल. पाक चॉय, मिझुना, तातसोई, चायनीज कोबी आणि आपलं शलगम ही सगळी एकाच वनस्पतीची, ब्रासिका रापाची, माणसाने निवडून घडवलेली रूपं आहेत. उत्तर भारतात तेलासाठी लावतात ती तोरियासुद्धा तीच. आणि आपल्या फोडणीतली मोहरी? ब्रासिका रापा आणि काळी मोहरी यांच्या नैसर्गिक संकरातून ती आली. मोहरी-कोबी कुळातलं हे नातं १९३५ साली ऊ जांग-चून या जपानमध्ये जन्मलेल्या कोरियन वंशाच्या शास्त्रज्ञाने उलगडून दाखवलं. म्हणजे पाक चॉय आपल्या मोहरीच्या आजोळची निघाली. पान चावून पाहिलं की मागून जो हलकासा झणका येतो तो मोहरीचाच आहे, सासूबाईंना तो लगेच ओळखू येईल.

उलट्या बाजूनेही पाहा. चीन, व्हिएतनाम, थायलंडमध्ये रोजच्या जेवणात जो पाला असतो त्यातला बराचसा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. लाल माठ तिथेही खातात. मायाळू तिथेही वेलावर चढवतात. कांगकोंग म्हणून हॉटेलात जी भाजी लसणीवर परतून देतात ती म्हणजे कोकणातली नाळीची भाजी. अळू तर सगळ्या दक्षिण-पूर्व आशियाचं. तेव्हा गच्चीत एका बाजूला "आपल्या" आणि दुसऱ्या बाजूला "परदेशी" अशी जी वाटणी तुमच्या दोघींच्या डोक्यात झाली आहे तिला शेतात काही आधार नाही. वाटणी करायचीच तर ऋतूंची करा. थंडी पाक चॉयच्या कुळाची, उन्हाळा-पावसाळा माठ-मायाळू-नाळीचा. सहा महिने तुम्ही पुढे, सहा महिने सासूबाई पुढे, आणि कुंड्या बाराही महिने भरलेल्या.

हायड्रोपोनिक सेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता घेऊ नका. ती पद्धत वाईट नाही, पालेभाज्या तिच्यात छान येतात. पण तिला विजेवरचा पंप, खताच्या मोजलेल्या मात्रा, पाण्याच्या आम्लतेवर लक्ष, हे सगळं लागतं. पोषक पाणी २५-२६ अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मुळं कुजायला लागतात. एप्रिलमध्ये पुण्याच्या बाल्कनीत पाणी त्याच्याखाली ठेवणं कठीण. म्हणजे तुमची मार्चची अडचण त्याने सुटत नाही. बंगळुरूच्या आठवड्यात पंप बंद पडला तर तो कोण बघणार? पुन्हा सासूबाईच. आणि खरं सांगायचं तर पत्रातलं "म्हणजे त्याला कुणी हात लावणार नाही" हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. पंचवीस हजार देऊन तुम्ही कुंपण विकत घ्यायला निघाला आहात. पाण्यावरची शेती करून पाहायची हौसच असेल तर हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी रूढ केलेली पंपाशिवायची पद्धत आहे: झाकणाला भोक पाडलेला अपारदर्शक डबा, त्यात पोषक पाणी, भोकात जाळीच्या पेल्यात रोप. पाणी जसं खाली जाईल तशी मुळं हवेतही वाढतात. थंडीत एका डब्यात एक पाक चॉय लावून बघा, खर्च फार तर दोनेकशे रुपये.

आता बोलायचं कसं. रोपं उपटल्याला बरेच महिने झाले, तेव्हा "तुम्ही असं का केलंत" ह्याने सुरुवात केली तर त्या बचावावर जातील आणि गोष्ट तिथेच अडेल. पण ते पोटात ठेवून गोड बोला असंही मी म्हणणार नाही. सरळ सांगा: "आई, मागच्या वेळी मी आले आणि कुंड्या रिकाम्या बघून मला फार वाईट वाटलं. तुम्ही भाजी छान केलीत असं सगळे म्हणाले, मला मात्र ती खाताही आली नाही आणि पुढे वाढतानाही बघता आली नाही." एवढंच, आणि मग थांबा. त्यांना काय म्हणायचंय ते म्हणू द्या. कदाचित त्यांचंही काही असेल. वर्षानुवर्षं त्यांची असलेली गच्ची, त्यात एक दिवस नव्या कुंड्या येऊन बसल्या, तेव्हा त्यांना कुणी विचारलं होतं का? पत्रात तसं काही दिसत नाही. त्यांची पुदिन्याची कुंडी हलवली गेली असेल तर ते त्यांच्याही मनात असू शकतं.

मग एक काम त्यांच्याकडे मागा, मनापासून. पान कधी खुडायला आलं हे ठरवायचं काम. तुम्ही दिवसभर ऑफिसात, त्या घरात. कोवळं पान जून व्हायला चार-पाच दिवस पुरतात, आणि ते त्यांना तुमच्या आधी दिसतं. बोली एकच: मूळ कुंडीतच राहणार. पहिल्यांदा दोघींनी मिळून कापा, म्हणजे शब्दांनी समजवायची गरज उरणार नाही. आठ-दहा दिवसांत त्याच बुंध्यातून नवी पानं आलेली त्यांनी स्वतः पाहिली की पुढे त्या आपणहून शेजारणींना दाखवतील.

कापणीबद्दलच जरा जास्त लिहिते, कारण अशी पत्रं मला बऱ्याच जणांकडून येतात आणि बहुतेकांची भाजी पेरण्यात नाही, काढण्यात फसलेली असते. लोक जिवापाड वाढवतात आणि मग कात्री लावायला घाबरतात. घरची पालेभाजी वाट पाहून मोठी होत नाही, जून होते. तळहाताएवढं पान झालं की सुरुवात करायची. पेरल्यापासून साधारण २५ ते ३० दिवस.

पाक चॉय आणि तातसोईची बाहेरची, जमिनीकडे झुकलेली पानं आधी घ्यायची, देठ बुंध्यापाशी धरून बाजूला वाकवून किंवा कात्रीने. आतली चार-पाच पानं आणि मधला कोंब शाबूत ठेवायचा. एका वेळी झाडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त काढू नये. असं आठवड्यातून एकदा केलं तर एकच रोप महिना-दीड महिना पानं देत राहतं. पूर्ण गड्डा हवाच असेल तर बोटाच्या दोन पेरांएवढा बुंधा ठेवून वरचा भाग धारदार सुरीने आडवा कापायचा. उरलेल्या बुंध्यातून दोन-तीन आठवड्यांत लहान लहान कोंब येतात. दुसरं पीक पहिल्याएवढं भरत नाही, पण डाळीत घालायला पुरतं.

मिझुना तर ह्या कामासाठीच जन्मली आहे. कातरल्यासारख्या कडांच्या पानांची, जपानमधल्या क्योटोची जुनी भाजी. तिचा झुबका मुठीत धरायचा आणि जमिनीपासून चार-पाच सेंमी वर एका दमात कापायचा. तीनदा तरी नक्की फुटते, थंडी चांगली असेल तर जास्तही. प्रत्येक कापणीनंतर मूठभर गांडूळखत बुंध्याभोवती पसरून पाणी द्यायचं. हे विसरलं की दुसरी खेप पिवळट येते आणि लोक म्हणतात ही पद्धत खोटी.

कापायचं सकाळी, ऊन चढायच्या आत. तेव्हा पानांत पाणी भरलेलं असतं, दुपारी कापलेली पानं तासाभरात माना टाकतात. धुऊन, निथळून, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली तर चार-पाच दिवस टिकतात.

पेरणीचं त्यामानाने सोपं. गणपती उठले की तयारीला लागा. सप्टेंबर-अखेरीला पावसाचा शेवटचा मारा असतो, म्हणून पहिली रोपं आडोशाला ट्रेमध्ये करा आणि ऑक्टोबरच्या मध्यावर कुंडीत लावा. त्यानंतर थेट कुंडीतही पेरता येतं. बी राईएवढंच, अर्धा ते एक सेंमी खोल, तीन ते पाच दिवसांत उगवतं. सगळं पाकीट एकदम उधळू नका. दर दोन आठवड्यांनी चिमूटभर पेरत गेलात तर संक्रांतीपर्यंत पाच-सहा खेपा होतात आणि कुठली तरी कुंडी नेहमी काढणीला आलेली असते. मकर संक्रांत ही शेवटची तारीख समजा. त्यानंतर पाक चॉय नको.

कुंडीपेक्षा पसरट, सहा ते आठ इंच खोल क्रेट किंवा ग्रो बॅग बरी. माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समसमान, वर दोन मुठी निंबोळी पेंड. निव्वळ काळी माती घालू नका, कुंडीत ती दगड होते. ओली माती फार जड असते, म्हणून क्रेट भिंतीकडेला, विटांवर उचलून ठेवा, गच्चीच्या पाण्याची जाळी मोकळी ठेवा. खालच्या मजल्यावर ओल उतरली तर सासूबाईंपेक्षा मोठं भांडण सोसायटीत होईल. रोपं दोन बोटं उंच झाली की विरळणी करा: पाक चॉयच्या दोन रोपांत एक वीत, मिझुनाच्या त्याहून निम्मं. उपटलेली बाळरोपं टाकू नका, कोशिंबिरीत जातात. इथे मुळासकट उपटणंच बरोबर, आणि हे काम सासूबाईंच्या सराईत बोटांना तुमच्यापेक्षा चांगलं जमेल.

पुण्यात ह्या भाज्यांचे पहिले शत्रू कबुतरं. कोवळी रोपं एका सकाळीत साफ करतात. पेरल्या दिवसापासून बारीक जाळी लावली तर कबुतरंही आवरतात आणि पानांत अंडी घालणारे पतंगही. थंडीत ढगाळ दिवस आले की पानामागे मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसेल. आधी पाण्याची जोरात पिचकारी, तरी राहिला तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा, आणि मग काही दिवस ती पानं काढू नका. अळ्या हाताने वेचायच्या. ज्या पानाची तुम्ही चार दिवसांत भाजी करणार त्यावर दुकानातलं रासायनिक औषध कधीही मारू नका.

तुमच्या यादीत मी दोन बिया घालेन. एक कोमात्सुना, टोकियोकडची, पाक चॉयपेक्षा उष्णता बरी सोसते, म्हणून फेब्रुवारीच्या तोंडाशीही थोडी चालते. दुसरी सासूबाईंच्या डब्यातली साधी मोहरी. आठवड्याभरात उगवते, कोवळी पानं सुंदर लागतात, आणि तुमचं बी फसलं तरी ती फसत नाही.

फेब्रुवारीनंतर सूत्रं सासूबाईंच्या हाती द्या. लाल आणि हिरवा माठ पेरा, वीतभर झाला की चार बोटं ठेवून कापा, पुन्हा फुटतो. मायाळूचा तुकडा मातीत खोचला की लागतो, त्याला गच्चीच्या कठड्यावर चढवा. नाळीच्या भाजीच्या काड्या पाण्याच्या ग्लासात ठेवल्या की काही दिवसांत मुळं धरतात, मग ओलसर राहणाऱ्या बादलीत लावा. ही काडी भाजीवाल्याकडून किंवा ओळखीच्या घरून आणा, मुठेकाठची किंवा ओढ्याकाठची तोडून आणू नका, तिथल्या पाण्यात सांडपाणी असतं. एप्रिल-मेमध्ये वर हिरवी ५० टक्क्यांची शेडनेट हवीच. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचायच्या, त्या कामाला नवऱ्याला लावा. ताण नको म्हणणाऱ्याने थोडा भार उचलावा.

स्वयंपाकघराबद्दलही दोन शब्द. पाक चॉयची पातळ भाजी झाली म्हणजे तिचा अपमान झाला असं कृपा करून मानू नका. घरात सगळ्यांनी परत वाढून घेतली, ही त्या भाजीला मिळालेली पावती होती, आणि त्यात तुमचा निम्मा वाटा होता. मुगाची डाळ, ताक, लसणीची फोडणी ह्या सगळ्यांशी तिचं जमतं. देठ आधी, पानं शेवटच्या मिनिटाला, एवढं पाळा. मिझुना बारीक चिरून दाण्याचं कूट, लिंबू, हिरवी मिरची घालून कोशिंबीर करून बघा. तातसोई पालकाच्या जागी कुठेही चालते. ज्यांना मुतखड्यामुळे पालक आणि माठ कमी खायला सांगितलंय त्यांच्यासाठी पाक चॉय सोयीची, तिच्यात खडे वाढवणारं ऑक्झलेट फार कमी असतं. मात्र घरात कुणी रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी घेत असेल तर गच्ची बहरली म्हणून अचानक रोज वाटीभर पालेभाजी सुरू करू नका. पाल्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं, त्याचं प्रमाण रोज साधारण सारखं राहायला हवं. डॉक्टरांना आधी विचारा.

ज्यांच्याकडे गच्ची नाही, फक्त पूर्वेची बाल्कनी आहे, त्यांनीही हे सगळं करावं. थंडीत तीन-चार तासांचं ऊन मिझुना आणि तातसोईला पुरतं. भाड्याने एकटे राहणाऱ्यांनी एकच क्रेट आणि एकच मिझुना लावावी, दोन कापण्यांत अंदाज येतो. आणि ज्यांच्या घरी गच्चीवर आधीपासून कुणाच्या तरी कुंड्या आहेत, सासूच्या, वडिलांच्या, जावेच्या, त्यांनी बी मागवण्याआधी त्या माणसाला विचारावं की कुठला कोपरा चालेल.

बी राखायचा मोह तुम्हाला होईल, पण पाक चॉय, मिझुना, तातसोई एकाच वेळी फुलली की मधमाश्या त्यांचा आपसात संकर घडवतात, आणि पुढच्या वर्षी उगवेल ते धड हे नाही, धड ते नाही. खायला चालेल, पण भरवसा नाही. तुमच्याकडे फेब्रुवारीतलं बी उरलं असेल तर ते फेकू नका, ह्या कुळाचं बी कोरड्या, गार जागी तीन-चार वर्षं टिकतं. या रविवारी त्यातले २० दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, बशीत झाकून ठेवा, फडकं सुकू देऊ नका, आणि पाचव्या दिवशी उघडा. १५ किंवा जास्त उगवले असतील तर ऑक्टोबरला तेच पेरा. आठ-दहाच उगवले तर दुप्पट दाट पेरा. त्याहून कमी असतील तर नवं पाकीट मागवा, आणि ह्या वेळी त्यात काय असावं हे सासूबाईंना विचारून.